दोन पाळ्यांची गाडी

माझ्या बाबांच्या आणि आत्याच्या मालकीची मिळून एक व्हॅन आहे, आणि त्या दोघांच्या मध्ये एक मी आहे. आम्हा दोघींनाही त्यांनी सारखंच राबवलं. फरक एवढाच की व्हॅनला एक दिवस पुलावर धूर सोडून बंद पडता आलं. मला ती सोय नव्हती.

ही गोष्ट आत्याची आहे. ती सांगताना मला राग येणार, हे आधीच सांगून ठेवते. तिच्यावर येईल, बाबांवर येईल, आणि गॅरेजवाल्यावर तर येईलच.

आत्याला बेकरीत सगळे ‘भोंगा’ म्हणतात. पहाटे ती दुकानांना पाव पोचवते. दुकानवाले वर माडीवर झोपलेले असतात. इतर ड्रायव्हर हॉर्न वाजवतात. आत्या खिडकीतून मान बाहेर काढते आणि एकदाच हाक मारते. शटर वर जातं, आणि शेजारच्या दोन दुकानांचीही जातात. तिला हे नाव माहीत आहे, आणि ते तिला आवडतं असा माझा संशय आहे, कारण ज्याने पहिल्यांदा ठेवलं त्याला तिने काहीच केलं नाही.

एरवी ती कुणाला सोडत नाही. बेकरीत ती पाव बांधायला लागली तेव्हा फ्रॉक सोडून नुकतीच कुठे मोठी झाली होती. बेकरीच्या गाडीचा ड्रायव्हर रोज दुपारी अंगणात गाडी धुवायचा, आणि ही त्याला बादल्या भरून द्यायची, त्या बदल्यात गाडी पुढेमागे करायला मागायची. पुढे तो मालकाशी भांडून निघून गेला. मालक डोक्याला हात लावून बसला, तेव्हा ही म्हणाली, मी चालवते. मालक हसला. बायका भिंतीला गाडी घासतील, म्हणाला. आत्या गाडीत बसली, त्या चिंचोळ्या अंगणात तिने गाडी वळवली, फाटकातून बाहेर काढली, पुन्हा उलटी आत आणली आणि किल्ली त्याच्या गल्ल्यावर आपटली. “आता पगार सांगा,” म्हणाली.

तिने लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर सांगते की गाडीत पुढे दोनच सीटा आहेत आणि दुसरीवर बिलं असतात. रागावणं हा तिचा रोजचा कारभार, पण त्या रागातही तिचं सगळीकडे लक्ष असतं. एकदा चौकातल्या पोलिसाने तिला अडवलं. तिने त्याला असं काही फैलावर घेतलं की मागची गर्दी ऐकत उभी राहिली, आणि त्याच दमात तिने त्याला सांगितलं की तुझ्या बुटाची नाडी सुटली आहे, पडशील. त्याने खाली वाकून नाडी बांधली आणि मग दंडाची पावती फाडली.

पुढे बेकरीने स्वतःच्या गाड्या मोडीत काढल्या आणि ज्याची गाडी त्याला फेरी, असं धोरण काढलं. बाबांची कंपनी त्याच सुमारास बंद पडली होती. भावाबहिणींनी मिळून ही व्हॅन घेतली, जुनीच, पण इंजिन धडधाकट. पहाटेपासून दुपारपर्यंत आत्या पाव पोचवायची. दुपारनंतर बाबा लॉन्ड्रीच्या चादरी आणि टॉवेल हॉटेलांत नेऊन टाकायचे. हॉटेलवाले म्हणायचे चादरीवर पावाचा चुरा येतो, दुकानवाले म्हणायचे पावाला साबणाचा वास येतो. त्यावरून दोघं भांडायचे, आणि भांडता भांडता आमच्या घरी एकत्र जेवायचे. आजी तेव्हा आमच्याकडे होती. तिला दात नव्हते, म्हणून आत्या रोज एक मऊ पाव वेगळा काढून आणायची.

आजी गेली ती एका पहाटे. आत्या तेव्हा फेरीवर होती. बाबांनी तिला फोन केला नाही. मी तेव्हा कॉलेजात शिकत होते, घरीच होते, मी विचारलं, तर म्हणाले, ती गाडी चालवते आहे, असल्या वेळी सांगितलं तर कुठेतरी नेऊन आपटेल; दुपारी येईलच. पण नातेवाईक घाई करू लागले, शववाहिनी लवकर आली, आणि बाबांना कुणाला थांबा म्हणता येत नाही. आत्या दुपारी जिना चढून आली तेव्हा तिच्या हातात पाव होता आणि आजीची खाट रिकामी होती, चादरसुद्धा काढलेली. तिने एवढंच विचारलं, मला का नाही सांगितलं. बाबा म्हणाले, तू गाडी चालवत होतीस. तिने पाव टेबलावर ठेवला आणि ती जिना उतरून गेली. त्यानंतर ती आमचा जिना चढली नाही आणि बाबांशी एक शब्द बोलली नाही.

भोंगा गप्प बसला की काय होतं ते आम्ही भोगलं आहे. गाडी मात्र दोघांना हवीच होती. म्हणून त्यांनी एक पद्धत बसवली. दुपारी आत्या गाडी आमच्या गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीखाली लावायची आणि किल्ली पुढच्या चाकावर ठेवून निघून जायची. बाबा खिडकीत उभे राहून ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत वाट बघायचे, मग खाली उतरायचे. रात्री बाबा तिथेच लावायचे, पहाटे ती उचलायची. गाडी सोपवताना मागचा भाग झाडलेला, इंधन अर्ध्याच्या वर, सगळं पाणी-हवा ठीक. हे नियम कुणी लिहून दिले नव्हते. दुसऱ्याला बोट ठेवायला जागा मिळू नये, एवढीच त्यामागची तळमळ होती.

बाकी निरोपांना मी. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत असायचे आणि फोन वाजायचा. “तुझ्या बापाला सांग, क्लच घासून घासून चालवतो.” मी संध्याकाळी बाबांना सांगायचे. “आत्याबाईंना सांग, एवढाच त्रास होत असेल तर गाडी विकून टाकू.” मी सकाळी आत्याला सांगायचे. हळूहळू आत्याने गाडीच्या तक्रारी करणं सोडलं, आणि मला मूर्खाला वाटलं की चला, एक कटकट कमी झाली. माझ्या केसांत पांढरं दिसायला लागलं तरी हे चालूच होतं.

आणि मग व्हॅन पुलावर बंद पडली. बाबांच्या पाळीत. बॉनेटमधून वाफ, मागून पांढरा धूर, आत हॉटेलच्या चादरींचे गठ्ठे. ओढून गॅरेजात आणली. गॅरेजवाल्याने ऑइलची काडी बाहेर काढली आणि आम्हाला दाखवली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. हेड गॅस्केट उडालंय, म्हणाला. मी विचारलं, ते काय असतं. तर म्हणाला, इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा भाग यांच्या मधोमध एक पातळ पत्रा असतो. पाणी पाण्याच्या जागी आणि ऑइल ऑइलच्या जागी ठेवायचं, एवढंच त्याचं काम. जास्त तापलं की तोच आधी जातो. मी म्हटलं, त्याची काय चूक. तो म्हणाला, त्याची कसली चूक, ताई.

खर्च किती, यावर त्याचं एकच उत्तर. खोलल्याशिवाय सांगता येत नाही. आणि खोलायचे पैसे वेगळे, गाडी दुरुस्त करा नाहीतर न करा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या मी गिऱ्हाइकाला म्हटलं की नंबर किती ते डोळा काढल्याशिवाय सांगता येत नाही, तर चालेल का? पण तो माणूस शांतपणे एक एक शक्यता सांगत राहिला. हेड, म्हणजे तो वरचा भाग, नुसतं वाकलं असेल तर लेथवाल्याकडे पाठवून घासून सपाट करता येतं, त्याला ते लोक फेसिंग म्हणतात; मग नवं गॅस्केट, नवे बोल्ट, आणि गाडी उभी. हेडला चीर गेली असेल तर दुसरं हेड, म्हणजे खर्च दुपटीच्या पुढे. खालचा ब्लॉकच गेला असेल तर नाद सोडा. एक अपघातातल्या गाडीचं जुनं इंजिन त्याच्या पाहण्यात होतं, ते बसवता येईल, पण ते कुणी कसं चालवलं होतं याची खात्री तो देणार नव्हता.

बाबांनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन चप्पल काढायच्या आधी मला म्हणाले, आत्याबाईंना सांग, भंगारवाला बरा भाव देतो आहे. निम्मे निम्मे करू आणि मोकळे होऊ. त्यांचा गुडघा दुखत होता आणि लॉन्ड्रीत बसून हिशेब बघायचं काम त्यांना मिळत होतं. त्यांचं ठीक होतं. पण भंगाराच्या निम्म्यात आत्याला गाडीचं दारसुद्धा आलं नसतं. बेकरीच्या मालकाने तिला सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. तोवर ती भाड्याच्या टेम्पोने पाव पोचवत होती आणि दिवसभराची कमाई त्या भाड्यात जात होती. सोमवारी स्वतःची गाडी नसेल तर फेरी दुसऱ्याला. ज्या अंगणात तिने गाडी वळवून दाखवली होती, तिथेच तिला पुन्हा पाव बांधायला बसावं लागलं असतं, आणि आता तिच्या हाताखालच्या मुलींच्या हाताखाली.

मी बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, मग एक मधला मार्ग आहे. बाजारात एक बाटली मिळते, रेडिएटरमध्ये ओतली की गळती आतून बुजते. महिनाभर गाडी झकास चालते. तेवढ्यात धुऊन-पुसून लांबच्या कुणाला तरी विकायची. भाव भंगाराच्या चौपट.

मी हा निरोप घेऊन आत्याच्या खोलीवर गेले. खोली दोन गल्ल्या पलीकडे, शेवटच्या मजल्यावर. एक खाट, एक शेगडी, आणि खिडकीत उलटा ठेवलेला पावाचा रिकामा क्रेट, त्यावर ती बसते. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं खिडकीच्या काचा जातील. पण ती हळू आवाजात बोलली, आणि ते जास्त वाईट होतं.

“त्या लांबच्या माणसालाही पोरंबाळं असतील. तो महिन्याने कुठल्यातरी पुलावर उभा राहील आणि मला शिव्या देईल, आणि मला त्या ऐकूही येणार नाहीत. तुझ्या बापाला सांग, हे त्याचं नेहमीचं आहे. दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, म्हणजे झालं.”

मी हे बाबांना सांगितलं नाही. पहिल्यांदाच एक निरोप गिळला, आणि रात्रभर तो मलाच टोचत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजात गेली आणि म्हणाली, खोल. खोलायचे पैसे माझे. गॅरेजवाल्याने खोललं खरं, पण पुढे एक बोट लावायला तो तयार होईना. म्हणाला, गाडीला मालक दोन आहेत, दोघं समोर उभे राहा, डोळ्यांनी बघा, मग काय ते ठरवा. नंतर मला बोल नको. मला त्याचा पुन्हा राग आला, कारण दोघांना एका जागी उभं करायचं म्हणजे ते काम माझंच. कुणाला काय खोटं सांगून आणलं ते इथे सांगत नाही. पण शनिवारी सकाळी दोघं गॅरेजात होते. बाबा गाडीच्या एका बाजूला, आत्या दुसऱ्या बाजूला, आणि गॅरेजवाल्याच्या टेबलापाशी मी.

टेबलावर हेड काढून ठेवलं होतं. त्याने त्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवली आणि मागून बॅटरी मारली. पट्टीच्या दोन्ही टोकांना अंधार होता आणि मधोमध उजेडाची बारीक फट. वाकलंय, म्हणाला, पण फुटलं नाही. ब्लॉकही चांगला आहे. फेसिंगवर काम भागेल. मी मनात देवाचे आभार मानत होते, तेवढ्यात तो म्हणाला, आता मला एक सांगा. पाण्याच्या पंपाची सील गेलेली आहे, आणि ती आज-काल गेलेली नाही. पंप तेव्हाच बदलला असता तर किरकोळ काम होतं, हे पुढचं काहीच झालं नसतं. मी गेल्या वर्षी इंजिन थंड ठेवायला हिरवं कूलंट घातलं होतं, परवा निघालं ते नुसतं नळाचं पाणी. म्हणजे कुणीतरी कित्येक महिने रोज पाणी ओतत होतं आणि गाडी हाकत होतं. कोण ओतत होतं?

“मी,” बाबा म्हणाले.

“मी,” आत्या म्हणाली.

गॅरेजवाल्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं, आणि तेही माझ्यामार्फत. आत्या फेरी संपली की बेकरीच्या अंगणात क्रेट उतरवून घेताना इंजिन निवू द्यायची आणि तिथल्या नळावरून पाणी भरून मगच गाडी टाकीखाली आणायची. बाबा लॉन्ड्रीत शेवटचे गठ्ठे टाकताना तिथल्या नळावरून भरायचे. दोघांनाही वाटायचं, दुसरा बघतसुद्धा नाही, सगळं मीच करतो. एका बाटलीवर भागतंय, म्हातारी गाडी आहे, पिते थोडं. गाडी दिवसाला दोन बाटल्या पीत होती हे एकाही शहाण्याला ठाऊक नव्हतं.

“त्याला विचार, कधीपासून भरत होता,” आत्या मला म्हणाली.

“तिला सांग, उन्हाळ्यापासून,” बाबा मला म्हणाले. “आणि विचार, ती—”

त्या क्षणी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मी कुणाला काही विचारणार नाही. ती इथे उभी आहे, बाबा. हात लांब केलात तर लागेल. एवढी वर्षं मी तुमचं ऐकून तिला सांगितलं, तिचं ऐकून तुम्हाला सांगितलं, दोघांच्या शिव्या मधल्या मध्ये पुसून घेतल्या, आणि तुम्हाला दोघांना मिळून ‘पाणी कमी होतंय’ एवढं एक वाक्य बोलता आलं नाही. मला वीट आलाय. मी चालले. असं म्हणून मी खरंच बाहेर पडले, रस्ता ओलांडला आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसले.

गॅरेजवाला उगीच एक पाना पुसत होता. मग आत्याचा आवाज आला. तो रस्त्याच्या अलीकडे येणारच होता, तिला हळू बोलण्याची सवय नाही.

“भरत होतास तर सांगितलं का नाहीस?”

बाबांचं उत्तर अर्धंच ऐकू आलं. तू तरी कुठे सांगितलंस, असं काहीतरी.

“सांगितलं असतं तर म्हणाला असतास, विकून टाकू. दर वेळी तेच म्हणतोस.”

बाबांचाही आवाज चढला. माझ्या आयुष्यात तो मी फार थोड्या वेळा ऐकला आहे. ते म्हणाले, आणि मी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस की याला गाडी चालवता येत नाही. आत्या म्हणाली, येत नाहीच. मग ती एकदम थांबली. पुन्हा बोलली तेव्हा आवाज उतरला होता, आणि मला पुढे सरकून ऐकावं लागलं.

“गाडी बंद पडली त्या दिवशी मी भरलं नव्हतं. मुद्दाम. म्हटलं एकदा तरी याला भरू दे.”

बाबा म्हणाले की काटा लाल रेषेच्या वर गेलेला त्यांनी पाहिला होता. हॉटेलचा माणूस दोनदा फोन करून ओरडला होता. वाटलं पोचेन.

“कडेला घ्यायची.”

“भर रस्त्यात कुठे कडेला घेणार?”

“कुठेही!” आत्या ओरडली. मागच्या इमारतीत कुणीतरी खिडकी उघडली. “मला गाडी कडेला घेता येते, दादा. त्या दिवशीही घेतली असती. फोन ऐकला असता, स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले असते, आणि मग गाडी वळवून आईकडे आले असते. तुला कडेला घेता येत नाही, म्हणून तुला वाटलं कुणालाच येत नाही.”

दादा हा शब्द मी विसरून गेले होते. बाबा खाली पडलेल्या एका जुन्या टायरवर बसले. आत्याने त्यांना आणखी काही सुनावलं नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. दोघं तसेच होते, एक बसलेला, एक उभी, मध्ये ती उघडी पडलेली गाडी. मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त संताप येत होता, की या एका वाक्यासाठी इंजिन जळावं लागलं.

मग बाबा उठले, गुडघा धरून, आणि गॅरेजवाल्याला म्हणाले, फेसिंगला पाठव. पंपही नवा टाक. माझ्या वाटणीचे मी देतो. आत्या म्हणाली, आणि बोल्ट नवे, जुनेच परत लावलेस तर याद राख. गॅरेजवाला म्हणाला, लावणार नाही, बाई. गाडी सोमवारी पहाटे बेकरीच्या फाटकात उभी होती, आणि मालकाने ज्या माणसाला फेरी द्यायचं ठरवलं होतं, त्याला आत्याने गाडी लावायला जागा दिली नाही.

गॅरेजवाल्याने जाताना दोघांना बजावलं होतं. यापुढे नळाचं पाणी नाही, कमी दिसलं तर माझ्याकडे या. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, तोंड भाजेल. आमच्या जुन्या गाडीत पातळी बाहेरून दिसत नाही, झाकण उघडूनच पाहावी लागते. आत्याने त्यावर आपला नियम काढला: एकट्याने बघायचं नाही. दुपारी गाडी सोपवताना दोघांनी मिळून बघायचं, म्हणजे नंतर कुणी कुणावर ढकलायला नको. आता फेरीवरून आलेलं इंजिन निवायला वेळ लागतो. तेवढा वेळ दोघांना तिथे थांबावंच लागतं.

मी जेवायच्या सुट्टीत त्या रस्त्याने येते. टाकीखाली गाडी उभी असते, बॉनेट उघडं, आणि दोघं उलट्या क्रेटवर बसलेले. सुरुवातीचे दिवस ते एकमेकांकडे पाठ करून बसायचे. मग भांडायला लागले. चुऱ्यावरून भांडतात, साबणावरून भांडतात, आजीच्या वेळी घाई करणाऱ्या नातेवाइकांची नावं घेऊन घेऊन भांडतात, त्यातले दोघे तर आता हयातही नाहीत. समोरच्या इमारतीतली मंडळी दुपारची खिडक्या लावून घेतात. मला त्या दोघांचा अजूनही राग येतो. पण माझा फोन हल्ली वाजत नाही.

परवा मी तिथून जात होते तेव्हा दोघं गप्प होते. बाबा उठून गाडी घेऊन निघून गेले, माझ्याकडे न बघता. आत्या क्रेटवर बसून होती. तिचे डोळे लाल होते. मी घाबरले, विचारलं, काय झालं, गाडीचं काही आहे का.

“गाडीला काय धाड भरलीय,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “आई त्या पहाटे काय बोलली, ते आज सांगितलं त्याने.”

आजी शेवटी काय बोलली हे मलाही माहीत नव्हतं. मी पलीकडच्या खोलीत झोपले होते आणि बाबांना कधी कुणी विचारलंच नाही. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, काय बोलली?

आत्याने पदराने नाक पुसलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिचा पाव न विचारता उचलला होता.

“तुला कशाला?” म्हणाली. “तुला आता कुणाला सांगायचंय?”

मग तिने एक क्रेट माझ्या हातात दिला, दुसरा स्वतः उचलला, आणि इतक्या वर्षांनी आमच्या जिन्याकडे चालायला लागली.